छातीतलं दुखणं गॅसचं की हार्टचं, घरच्या घरी कसं ओळखायचं?

नाही ओळखता येत. आमच्या घरात चार शिकलेली माणसं होती, एकालाही जमलं नाही.

२०१९ च्या गौरीजेवणाचा दिवस. मी माहेरी होते. आई ६२ वर्षांची, चौदा वर्षांची शुगर. संध्याकाळी म्हणाली, "जळजळतंय गं." हात छातीवर नाही, बेंबीच्या वर. मधेच जबडा चोळत होती. इनो झालं, ओवा झाला. दादा म्हणाला, पुरण बाधलं. मी पाठीवरून हात फिरवला तर ब्लाउज चिंब, आणि डोक्यावर पंखा पाचवर. मी म्हटलं, हे पित्त नाही. तर मला "गूगल डॉक्टर" पदवी मिळाली.

गल्लीतल्या डॉक्टरांकडे ईसीजी काढला, नॉर्मल. पित्ताचं इंजेक्शन, घरी. दादानं ती ईसीजीची पट्टी घडी घालून खिशात ठेवली. पहाटे तीनला आई मोरीपाशी कोसळली. दुसऱ्या ईसीजीत हृदयाच्या खालच्या बाजूचा अटॅक, अँजिओग्राफीत उजवी धमनी पूर्ण बंद. स्टेंट पडला, वाचली. पण हृदयाचं पंपिंग चाळीस टक्क्यांवर आलं ते आलंच. आता जिन्याच्या मधल्या पायरीवर बसते.

दादा अजून म्हणतो, "ईसीजी नॉर्मल होता ना!" अरे, ईसीजी म्हणजे त्या दहा सेकंदांचा फोटो. दुखणं थांबत नसेल तर पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा काढायचा. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात उतरणारं प्रथिन, ट्रोपोनिन, तेही वाढायला काही तास लागतात, म्हणून तेही दोनदा. डॉक्टर नको म्हणाले तर सरळ दुसरीकडे जा, भिडेखातर बसू नका. बायकांना आणि शुगरवाल्यांना सिनेमातल्यासारखी छाती धरायची वेळ येईलच असं नाही. धाप, मळमळ, गार घाम, बस्स.

हो, मी डॉक्टर नाही, शाळेत गणित शिकवते. घाम भीतीनंही येतो. आणि शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून सॉर्बिट्रेट (रक्तवाहिन्या सैल करणारी हृदयाची गोळी) जिभेखाली ठेवू नका. आईसारख्या अटॅकमध्ये बीपी धाडकन पडू शकतं. १०८ लावा.

गेल्या दिवाळीत दादाच्याच छातीत दुखलं. रात्री अकराला दोन ईसीजी, दोन ट्रोपोनिन करायला लावलं मी. पित्तच निघालं. बिल त्यानं मला व्हॉट्सॲपवर पाठवलंय.