कापड आधी धुवा, मग कात्री लावा

प्रश्न : ताई, मुलाच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात ऋषींच्या आश्रमावर नाटुकलं बसवलंय. तिसरी-चौथीच्या १२ मुलांचे पायघोळ झगे शिवायचं आम्ही चार आयांनी अंगावर घेतलंय, काही पांढरे, काही भगवे. चाटी गल्लीत साटीन पाहिलं. चमकतं छान आणि स्वस्तही आहे. घेऊ का? झगे पुढच्या वर्षीही वापरायचे आहेत, तेव्हा धुवायचे कसे तेही सांगा.
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : साटीन घेऊ नका. आश्रमातल्या मुलांच्या अंगावर चमक शोभत नाही, हे एक. दुसरं म्हणजे स्वस्त साटीन पॉलिस्टरचं असतं. आपल्याकडे जानेवारीत हवा इतकी कोरडी असते की ते पायांना चिकटतं, आणि दिव्यांच्या उजेडात मुलं घामाघूम होतात. शिवताना मशीनखालून घसरतं, कडेचे धागे सुटतात. चार घरच्या चार मशीन आणि १२ झगे, एवढा ताप कशाला?

पांढऱ्यासाठी कोरं मांजरपाट घ्या. ब्लीच न केलेलं असल्यामुळे ते किंचित पिवळसर असतं, जवळून पाहिलं तर सरकीचे बारीक तपकिरी ठिपकेही दिसतात. तोच त्याचा गुण. रंगमंचावर ते अस्सल जाडंभरडं दिसतं, तसं पांढरंशुभ्र कापड कधीच दिसत नाही. भगव्यासाठी सुती पॉपलीन. आपलं सोलापूर गणवेशांचं, त्यामुळे टेरीकॉटचे, म्हणजे पॉलिस्टर मिसळलेल्या सुताचे, कटपीस स्वस्तात मिळतील. ते आटत नाहीत, रंगही सहसा सोडत नाहीत, प्रधान-शिपायांना चालतील. मात्र सुती सांगून टेरीकॉट दिलं जात नाही ना, ते बघा. कडेचे दोन-चार धागे काढून चिमट्यात धरून पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख पडते. पॉलिस्टर आक्रसतं आणि कडक मणी उरतो.

आता मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते. पंचवीस वर्षांपूर्वी एका बालनाट्यासाठी मी नऊ कफन्या शिवल्या होत्या. दुकानदार म्हणाला, ‘आटत नाही,’ आणि मी तागा आणला तसाच कापला. पहिल्या प्रयोगाला कफन्या घोट्यापर्यंत होत्या. मग धुतल्या. दुसऱ्या प्रयोगाला त्या नडगीवर आल्या होत्या आणि गळ्याच्या लाल गोटाचा रंग उतरून पुढे गुलाबी ओघळ आले होते. सगळ्यात धाकटा मुलगा विंगेत वाकून, दोन्ही मुठींनी कड धरून झगा खाली ओढत उभा होता. आत गेल्यावर त्याला एकच वाक्य होतं, तेही तो विसरला. ती मूठ मला अजून दिसते. त्या दिवसापासून कोऱ्या कापडाला मी कधी कात्री लावलेली नाही.

म्हणून कापड आणल्यावर आधी मोजा. लांबीच्या बाजूने बरोबर ५० सेंटीमीटरवर रंगीत दोऱ्याचे दोन टाके घाला. खडूची खूण पाण्यात जाते. कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, म्हणजे खळ सुटेल. सकाळी साबणाने धुवा, वाळवा, इस्त्री करा आणि पुन्हा मोजा. ५० चे ४७ भरले तर मीटरमागे ६ सेंटीमीटर गेले. मांजरपाट पहिल्या धुण्यात सगळं आटत नाही, तेव्हा दोनदा धुवा. नळाला रोज पाणी येत नाही हे मला ठाऊक आहे. पाण्याच्या दिवशी चौघींनी कापड वाटून घ्या, पण हे टाळू नका. अस्तर, गोट, नाड्यासुद्धा तशाच धुवा. कापड आटलं आणि गोट नाही आटला, तर गळ्याशी चुण्या पडतात आणि त्या इस्त्रीने जात नाहीत.

भगव्याची परीक्षा वेगळी. एक कोपरा ओला करा, त्यावर पांढरा रुमाल ठेवून गरम इस्त्री दाबा. रुमालाला रंग लागला तर ते कापड पांढऱ्याला जोडू नका. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो असं आपल्या आया-मावश्या सांगत आल्या. मीही कितीतरी वर्षं बादलीत मूठभर मीठ टाकलं. पण रंगवून आलेल्या कापडाचा सुटणारा रंग मिठाने धरत नाही. वेगळं धुवून जादा रंग काढून टाकायचा. चार पाण्यांनंतरही सुटत राहिला तर कापडच बदला.

साधारण १३० सेंटीमीटर उंचीच्या मुलाला, ४४ इंच पन्ना असेल तर बाह्यांसकट अखंड झगा अडीच मीटरमध्ये बसतो. मांजरपाट आणखी थोडं जास्त घ्या. कड जमिनीपासून चार बोटं वर ठेवा, म्हणजे मुलं पायऱ्यांवर अडखळणार नाहीत, आणि आत चार इंचांची दुमड ठेवा. पुढच्या वर्षीचं मूल उंच असेल. जरीची पट्टी गोंदाने चिकटवू नका, कच्च्या टाक्याने लावा. धुण्याआधी ती उसवून काढता येते. आणि आश्रमात समया लावणार असाल तर बॅटरीच्या लावा. घोळदार बाही आणि ज्योत जवळ नको, मग कापड सुती असो की पॉलिस्टर.

प्रयोग झाला की झगे पिशवीत कोंबून ठेवू नका, त्याच रात्री उलटे करून दोरीवर टाका. गळ्याला मेकअप लागलेला असतो, तो तेलकट असतो. कापड कोरडं असतानाच त्यावर भांड्यांचं लिक्विड चोळा, पाणी नंतर. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो. घाबरू नका, धुवून कडक उन्हात टाका, ऊन तो डाग खातं. मात्र भगवे झगे सावलीतच वाळवा. बोअरचं जड पाणी असेल तर साबणवडी नको, पांढरा थर बसतो. पावडर वापरा आणि शेवटच्या पाण्यात बादलीला दोन चमचे व्हिनेगर घाला.

प्रश्न : संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत घालायची सासऱ्यांची बाराबंदी (बंदांनी बांधायचा पांढरा अंगरखा) पेटीत ठेवून पिवळी पडली. नीळ दिली, तर निळे डाग पडले.
– एक वाचक, बाळे

उत्तर : नीळ आधी वाटीभर पाण्यात पूर्ण विरघळवून, फडक्यातून गाळून मगच बादलीत टाकायची असते. आणि मळकट किंवा पिवळ्या कापडावर ती कधीच उठून दिसत नाही. आता बाराबंदी स्वच्छ पाण्यात दोन-तीनदा खळबळून निळे डाग काढा. मग ऑक्सिजन ब्लीच घातलेल्या कोमट पाण्यात चार-पाच तास ठेवा, धुवा आणि उन्हात वाळवा. बंद तपासा, शिवण तिथेच आधी विरते. यात्रा संपल्यावर खळ पूर्ण धुवून काढूनच पेटीत ठेवा, खळीमुळे कापडाला कसर लागते. नवी खळ पुढच्या संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात द्या.