आधी वार बघा, मग कोची

प्रश्न : ताई, या वेळी २६ जानेवारी सोमवारी येतेय. शनिवार-रविवार धरून तीन दिवस कोचीला जायचं घाटतंय. आम्ही दोघं, नऊ वर्षांचा मुलगा आणि ७२ वर्षांच्या सासूबाई. त्यांचे गुडघे दुखतात, शिवाय त्या माळकरी आहेत, कांदा-लसूण खात नाहीत. यजमानांचं म्हणणं, एवढ्या लांब जातोच आहोत तर मुन्नार आणि अलेप्पीची हाउसबोटही उरकून घ्यावी. जमेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : उरकायला ती काय धुणीभांडी आहेत? मुन्नार कोचीपासून सुमारे १३० किलोमीटर, त्यातला शेवटचा पट्टा घाटाचा. जोडून सुट्टी आली की त्या घाटात गाड्यांची रांग लागते. सासूबाईंचे गुडघे आणि मुलाचं पोट, दोन्ही तुम्हाला माफ करणार नाहीत. अलेप्पी त्या मानाने जवळ, पन्नास-पंचावन्न किलोमीटर. पण हाउसबोटीवर एक रात्र गेली की तिच्या आगेमागे दोन अर्धे दिवस जातात. तीन दिवस आहेत, तर ते सगळे कोचीला द्या. यजमान रुसले तर माझं नाव सांगा.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. आमचे हे नौदलात होते. १९८८ ते ९१ अशी तीन वर्षं आम्ही कोचीत काढली. पहिल्याच हिवाळ्यात माझी थोरली बहीण आली आणि मोठ्या दिमाखात मी तिला मट्टांचेरीचं ज्यूंचं प्रार्थनामंदिर दाखवायला नेलं. दाराला टाळं! शनिवार होता. ‘दोन रात्री गाडीत काढल्या त्या टाळं बघायला?’ हे वाक्य ती अजून ऐकवते. खरं तर आम्हा कोकणातल्या माणसांना हे सुचायला हवं होतं. अलिबागकडचे बेने इस्रायली, म्हणजे आपल्याकडचे ज्यू, शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. ज्यूंचा विश्रांतीचा तोच हा शनिवार.

म्हणून हॉटेल, विमान, काहीही बघण्याआधी वार बघा. प्रार्थनामंदिर शुक्रवारी दुपारपासून बंद होतं, ते थेट रविवारी उघडतं. ज्यूंच्या सणांनाही बंद. मट्टांचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद. त्रिपुणितुऱ्याचा हिल पॅलेस सोमवारी बंद, म्हणजे तुमच्या यादीतून तो आत्ताच खोडा. फोर्ट कोचीच्या चर्चमध्ये रविवारी सकाळी प्रार्थना असते, तेव्हा आपण कॅमेरे घेऊन आत घुसणं बरं दिसत नाही. हे सगळं एका कागदावर मांडलं की तुमचे तीन दिवस आपोआप लागतात : शनिवारी फोर्ट कोची, रविवारी मट्टांचेरी, सोमवारी पाणी.

जायचं कसं, तर दिल्लीच्या निजामुद्दीनहून एर्नाकुलमला (कोचीचाच पलीकडचा, मुख्य भूमीवरचा भाग) जाणारी मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस थेट नाशिक रोडवरून जाते, पुढे पनवेल, रत्नागिरी अशी कोकण रेल्वेने. साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा याच वाटेवर लागतो. मुलाला वही देऊन बोगदे मोजायला बसवा, नव्वदीच्या पुढे जातील. पण एका बाजूचा प्रवासच एका दिवसाहून मोठा. पुढेमागे रजा मिळत असेल तर जाताना रेल्वे आणि येताना विमान असं करा. आरक्षण आता १२० नव्हे, ६० दिवस आधी उघडतं, तेव्हा तारीख मोजून ठेवा. रजा नसेल तर शुक्रवारी रात्री मुंबई गाठून शनिवारी पहाटेचं विमान; उड्डाण दोनेक तासांचं. विमानतळ मात्र नेडुंबाश्शेरीला आहे, तिथून फोर्ट कोचीला पोचायला गर्दीत दोन तास धरा. हा विमानतळ २०१५पासून पूर्ण सौरऊर्जेवर चालतो. पोरगं विमानात कंटाळलं तर त्याला खिडकीतून सौर पट्ट्या शोधायला सांगा.

उतरा फोर्ट कोचीतच, एर्नाकुलमला नको. एर्नाकुलम म्हणजे चारचौघांसारखं मोठं शहर, आणि रोज येण्याजाण्यात जीव जाईल. फोर्ट कोचीत जुन्या घरांमधून राहायची सोय भरपूर आहे. फोनवर पहिला प्रश्न एसीचा नाही, जिन्याचा विचारा. त्या घरांचे लाकडी जिने उभे असतात, आपल्याकडच्या माळ्याच्या शिडीसारखे. सासूबाईंची खोली तळमजल्यावरच हवी, असं लेखी मागून घ्या. एकदा तिथे उतरलात की रस्ते सपाट आहेत, डोक्यावर जुन्या पर्जन्यवृक्षांची सावली आहे, गुडघ्यांना त्रास नाही.

शनिवारी दुपारी झोप काढा आणि चारनंतर चिनी जाळ्यांकडे चला. तिथले लोक ‘चीनवला’ म्हणतात. एका टोकाला जाळं, दुसऱ्या टोकाला दोराला टांगलेले दगड. चार-सहा जण दोर ओढतात आणि घरभर उंचीचं ते धूड पाण्यातून वर येतं. कितीदा तरी जाळ्यात मूठभर मासळी आणि एखादी प्लास्टिकची पिशवी येते. पण मुलाला दोर ओढायला देतात (नंतर पैसे मागतात, द्यावेत). सासूबाईंना मासळीचा वास सोसणार नसेल तर त्यांना पलीकडच्या बाकावर बसवा, सूर्यास्त तिथूनही दिसतो.

तिथून सेंट फ्रान्सिस चर्च चालत पाच-दहा मिनिटांवर. मात्र ते बंद व्हायच्या आत पोचायला हवं, तेव्हा आधी चर्च आणि मग जाळी असा क्रम लावलात तरी चालेल. वास्को द गामा २४ डिसेंबर १५२४ रोजी कोचीतच वारला आणि इथे पुरला गेला. पुढे त्याच्या अस्थी पोर्तुगालला नेल्या, आता उरलीय ती कठड्यातली रिकामी जागा. पोर्तुगीज कॅथलिकांचं हे चर्च १६६३नंतर डचांकडे गेलं, मग इंग्रजांकडे. मालक बदलले, छप्पर तेच. मला मात्र गामापेक्षा तिथले कापडी पंखे जास्त आवडतात. लांबलचक झालरी, त्यांचे दोर भिंतीतून बाहेर काढलेले. आत साहेब प्रार्थना करायचा आणि बाहेर उन्हात बसून दोर ओढणारा वेगळाच असायचा. मुलाला दोर दाखवा आणि ओढणाऱ्याला हवा कोण घालत असेल, हे विचारा. माझ्या लेकीने त्यावर मला दोन दिवस पिडलं होतं.

संध्याकाळी कथकली. प्रयोगाच्या तासभर आधी जा, कारण रंगभूषा प्रेक्षकांसमोर करतात. हनुवटीभोवतीची ती पांढरी कड चढताना बघणं हाच निम्मा प्रयोग आहे. आणि बसायला खुर्ची मिळते.

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास मट्टांचेरीचा राजवाडा गाठा. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात बांधून कोचीच्या राजाला भेट दिलेला, डचांनी डागडुजी केली म्हणून नाव मात्र डच पॅलेस. दुरुस्ती करणाऱ्याचं नाव लागतं, बांधणाऱ्याचं नाही. असं घराघरांतही होतंच. राजाच्या शयनगृहाच्या भिंतींवर सगळं रामायण रंगवलंय. घाई करू नका. सासूबाईंना प्रसंग ओळखायला लावा, नातवाला कथा सांगता सांगता त्या तासभर गुडघे विसरतील. फोटो काढू देत नाहीत, तेही एक बरंच आहे.

प्रार्थनामंदिर तिथून दोन पावलांवर. दुपारी एकला ते जेवणासाठी बंद होतं, तेव्हा राजवाड्यातून वेळेत निघा. १५६८चं बांधकाम. जमिनीवर चीनहून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या हाती रंगवलेल्या फरश्या आहेत, एकीसारखी दुसरी नाही म्हणतात. चपला काढाव्या लागतात आणि फरशी थंडगार असते, सासूबाईंचे मोजे पर्समध्ये ठेवा. आम्ही राहत होतो तेव्हा या गल्लीत ज्यू आजीबाई खिडकीत भरतकाम करताना दिसत. बहुतेक कुटुंबं त्याआधीच इस्रायलला गेली होती. आता गल्लीत दुकानंच दुकानं.

तिथे खरेदी करायचीच तर मिरी आणि सुंठ घ्या, पुराणवस्तू नको. रिक्षावाला ‘फक्त पाच मिनिटं, बघायला पैसे नाहीत’ म्हणत एखाद्या दुकानापाशी थांबवेल. त्याला तिथे कमिशन असतं. हसून नाही म्हणा, तोही हसतो.

माळकरी जेवणाची काळजी इथेच मिटते. मट्टांचेरीत पिढ्यान्‌पिढ्या गुजराती व्यापारी राहतात. त्यांचा रस्ता आहे, जैन मंदिर आहे, कबुतरांना दाणे टाकायची वेळही ठरलेली आहे. कांदा-लसणाशिवायचा फुलका आणि डाळ सासूबाईंना त्या भागात मिळेल. बाकी ठिकाणी ‘स्वयंपाक खोबरेल तेलात आहे का’ असं विचारू नका, असतोच. पहिल्या दिवशी मलाही केसांचं तेल जेवणात आल्यासारखं झालं होतं. तिसऱ्या आठवड्यापासून घरी मीच त्यात फोडणी देऊ लागले. त्यांना अप्पम आणि पिकल्या केळ्याची भजी, पळमपोरी, नक्की खायला घाला.

सोमवारी फक्त पाणी. सकाळी फोर्ट कोचीहून समोरच्या वायपीन बेटावर जाणारी गाड्यांची फेरीबोट घ्या, दाभोळ-धोपावे करते तशीच, पाच मिनिटांची. जा आणि परत या, एवढंच. मग २०२३ला सुरू झालेल्या वॉटर मेट्रोने एर्नाकुलमकडे. आमच्या वेळी लाकडी बोटीत उडी मारून चढावं लागे, आता तरंगता धक्का बोटीच्या पातळीला असतो आणि चाकाच्या खुर्चीवरचा माणूसही सरळ आत जातो. सुट्टीच्या दिवशी रांग लागते, नऊच्या आत पोचा.

प्रश्न : आम्ही चार मित्र ३१ डिसेंबरला फोर्ट कोचीच्या कार्निव्हलला जाणार आहोत. एर्नाकुलमला स्वस्तात लॉज मिळतंय. रात्री परत येता येईल ना?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : येता येईल, पहाटे, पायांचे तुकडे पडल्यावर. मध्यरात्री पप्पांजीचा, म्हणजे सरत्या वर्षाच्या म्हाताऱ्याचा, भलामोठा पुतळा जाळतात. गोव्यात पोरं म्हातारो जाळतात, त्याचाच हा थोरला भाऊ. तो जळला की सगळी गर्दी एकाच वेळी त्याच अरुंद रस्त्यांनी आणि त्याच धक्क्यांकडे निघते. चौघांत एक खोली घ्या, जमिनीवर झोपा, पण चालत परतता येईल अशा ठिकाणी घ्या. पाकीट पुढच्या खिशात. आणि पुतळ्याच्या अगदी जवळ जाण्यात काही शौर्य नाही.

प्रश्न : कोचीत आपली कोकणी बोलणारी माणसं आहेत असं ऐकलं. ते खरं का? आणि आमची सावंतवाडीकडची बोली त्यांना कळेल का?
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : खरं आहे. पोर्तुगिजांच्या धाकाने सोळाव्या शतकात गोवा सोडलेली गौड सारस्वत कुटुंबं तिथे वसली. मट्टांचेरीजवळ चेरळाईत त्यांचं तिरुमल देवस्थान आहे. आमच्या शेजारीणबाई तिथल्याच. मी मालवणची. ओळख झाली त्या दिवशी त्यांनी ‘जेवण जाल्लें?’ विचारलं आणि माझ्या डोळ्यांत पाणीच आलं, कारण दोन महिने मी खुणांनी भाजी आणत होते. पुढची वाक्यं मात्र निम्मी कळत, क्रियापदाला मल्याळी सूर लागलेला. त्यांच्या दाळीतोयेने, म्हणजे पातळ वरणाने, बाकीचं भागलं.

अजून एक सांगते, कारण हे आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत असतं. डचांचा मलबारचा अधिकारी व्हॅन ऱ्हीडे याने तिथल्या वनस्पतींवर ‘होर्तुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ करवला, १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापून झाला. त्यासाठी मल्याळी वैद्य इट्टी अच्युतन यांच्याबरोबर रंगा भट, विनायक पंडित आणि आपू भट या तीन कोकणी वैद्यांनी माहिती दिली. आम्ही ही माहिती दिली, असं त्यांचं १६७५चं निवेदन पहिल्या खंडात छापलंय, कोकणीत आणि नागरी लिपीत. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं.

देवळात जाल तर पुरुषांनी सदरा काढून जायचं असतं, बरोबर कोणी पुरुष असतील तर त्यांना आधी सांगून ठेवा. आणि बोलायला सुरुवात तुम्हीच करा. ते आपण होऊन मल्याळम किंवा इंग्रजीच बोलतील, कारण तुम्ही कुठल्या, हे त्यांना कसं कळणार?