दुखत नसताना आराम घ्यावा का?

प्रश्न : ताई, नमस्कार. माझं वय 27. आमचं गाव कुरखेडा तालुक्यात, घरी धानाची शेती आहे. मला लहानपणापासून सिकलसेल आहे, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात. त्यातही एसएस, आई-वडील दोघांकडून आलेला. दुखणं वारंवार उठू नये म्हणून हायड्रॉक्सीयुरियाची गोळी चालू आहे. दुखणं उठलं की खाट धरते, कधी भरती व्हावं लागतं. तेव्हा घरचे सगळं करतात. पण दुखणं बसलं की सासूबाईंना वाटतं, झाली ही धडधाकट. दुपारी जरा अंग टाकलं की म्हणतात, "आता काय दुखून राहिलं तुले?" दुखत तर नसतं, पण पाण्याचा भरलेला गुंड उचलवत नाही एवढा थकवा असतो. पडले तरी जिवाला चैन नाही, पुन्हा कधी उठेल याची धास्ती. मला आराम असा मिळतच नाही. आणखी एक विचारायचं होतं. दिवाळीनंतर आमच्याकडे मंडईला, म्हणजे गावच्या जत्रेला, नाटक असतं. मला फार आवड आहे. पण रात्रभर थंडीत बसायचं म्हणून नवरा नको म्हणतात. जाऊ की नको?
— एक बहीण, जि. गडचिरोली

उत्तर : बाई, तुझ्या सासूबाईंचा प्रश्न माझ्याही घरात विचारला गेला आहे. मीही एसएस आहे, धानपट्ट्यातच नांदले. तेव्हा आधी त्यांच्यासाठी लिहिते. हा भाग त्यांना वाचून दाखव.

सासूबाई, तुमच्या-आमच्या गावातल्या निरोगी माणसाच्या रक्तातली तांबडी पेशी साधारण 120 दिवस टिकते. तुमच्या सुनेची 10 ते 20 दिवसांत फुटते. हाडातला मगज रात्रंदिवस नव्या पेशी बनवत असतो, तरी पुरं पडत नाही. म्हणून तिचं रक्त कायम कमी. हे दुखणं उठलं तेव्हाच होतं असं नाही, ती हसत भाकरी थापत असते तेव्हाही चालूच असतं. तिचा थकवा आळसाचा नाही. केंद्र सरकारच्या 2016 च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेलचं नाव आहे, इतका हा आजार मोठा आहे. आणि रक्त कमी आहे म्हणून तिला लोहाच्या गोळ्या आणून देऊ नका. हे रक्त लोहाच्या कमतरतेने कमी झालेलं नसतं. तपासणी करून डॉक्टर सांगतील तरच.

आता तुला सांगते. दुखण्याच्या दिवसांत तू खाटेवर असतेस त्याला मी आराम म्हणत नाही. तेव्हा तू सोसत असतेस. आराम बऱ्या दिवसांतच घ्यायचा असतो, आणि तो कामासारखा ठरवून घ्यायचा. जेवणं झाली, भांडी पडली की तासभर पडायचं, भांडी नंतर. रोज तीच वेळ ठेव. "आज बरं नाही वाटत" असं कारण देऊ नको. कारण दिलं की उद्या नवं कारण शोधावं लागतं. मी घरात एवढंच सांगितलं होतं, "माझी पडायची वेळ झाली." पहिले काही महिने तोंडं वाकडी झाली. मग शेजारची बाई त्या वेळी आली, तर सासूच तिला म्हणाली, "थांब, ते पडली हाय."

पडल्यावर धास्ती वाटते म्हणतेस. ती वाटणारच. ज्याची हाडं एकदा आतून ठणकली आहेत, त्याला कंबरेत साधी कळ आली तरी धस्स होतं. भीती वाटली की अंग आवळतं, दात दाबले जातात, खांदे वर चढतात. म्हणून मी पडले की आधी मुठी घट्ट आवळते आणि सोडते. मग पायाची बोटं. मग जबडा. त्यानंतर मनात चार मोजत श्वास घेते आणि सहा मोजत सोडते. याने आजार बरा होत नाही, पण अंग सैल पडतं आणि डोळा लागतो. झोप आपल्याला औषधाइतकीच लागते.

पाण्याचं मात्र मी हात जोडून सांगते. सिकलसेलमध्ये किडनीला पाणी धरून ठेवता येत नाही. आपण रात्री लघवीला उठतो ते त्यामुळेच. बायका काय करतात, रात्री अंगणात जायला नको म्हणून संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीत. मग पहाटे दुखणं उठतं. उशाशी गडवा झाकून ठेव आणि उठलीस की दरवेळी थोडं पी. दिवसभर पेज, ताक, साधं वरण, जे घरात असेल ते पातळ पोटात जाऊ दे. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो, तेव्हा तर तेंदूपत्ता तोडायला जाऊच नको. चहा प्याला म्हणजे पाणी प्याल्यासारखं धरू नको.

आणि ऊब. गारठ्याने आपल्या नसा आखडतात. रोवणीच्या दिवसांत पावसात भिजत धानाच्या बांधीत उभं राहिलं की रात्री मांड्या ठणकायला लागतात, हे तू भोगलंच असशील. पऱ्हे म्हणजे धानाची रोपं खणणं, रोवणं दुसऱ्यांना करू दे. तू घरी बसून होणारी कामं घे, ती काही कमी नसतात. कूलरचा झोत सरळ अंगावर घेऊ नको. दुखऱ्या जागी बर्फ कधीच नको.

माझी दिवसातली सगळ्यात सुखाची वेळ दिवेलागणीनंतरची. चुलीवर भात उतरला की निखाऱ्यावर पाण्याचं गंज ठेवते. कोपर बुडवून पाहते, सोसवेल एवढंच गरम. घमेल्यात ओतून छपरीत बाजेवर बसते आणि पाय आत सोडते. आधी तळव्यांना झिणझिण्या येतात, मग पोटऱ्या सैल होतात. पाणी निवायच्या आत पाय काढायचे, पुसायचे, जवसाचं कोमट तेल हलक्या हाताने लावायचं आणि मोजे घालायचे. या वेळात मला कोणी हाक मारत नाही. घोट्याजवळ जखम असेल तर मात्र पाय बुडवू नको. आपल्याला तिथे जखमा होतात आणि लवकर भरत नाहीत, म्हणून पुसताना रोज घोटे नीट पाहत जा. कंबरेला किंवा मांडीला शेक हवा असेल तर तव्यावर वाळू गरम करून कापडात बांध. आधी मनगटाला लावून पाहा, भाजेल.

काही वेळा मात्र शेकत बसायचं नाही. ताप आला, छातीत दुखून दम लागला, अचानक हात-पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर रात्र असो की पाऊस, दवाखाना गाठायचा. दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून घेत राहू नको, त्यातल्या बऱ्याच किडनीला जड जातात. कोणती घ्यायची ते डॉक्टरांकडून लिहून घे. हायड्रॉक्सीयुरिया चुकवू नको आणि त्यासाठी सांगितलेल्या रक्ताच्या तपासण्याही चुकवू नको. मूल हवं असेल तर या गोळीबद्दल आधी डॉक्टरांशी बोल, मनाने बंद करू नको. हा आजार मुलाला आई-वडिलांकडूनच येतो, म्हणून नवऱ्याची सिकलसेलची तपासणी झाली नसेल तर तीही करून घ्या. 1 जुलै 2023 ला देशात सिकलसेल निर्मूलनाचं अभियान सुरू झालं, त्यात गावोगावी तपासण्या होत आहेत. पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना सासूबाईंना सोबत घेऊन जा. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं वेगळं लागतं.

आता नाटक. जा. मी जाते. आपल्या झाडीपट्टीत, या पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात राहून मंडईचं नाटक पाहायचं नाही, हे माझ्याने होत नाही. वडशाहून नाटक कंपनी आली की गावातल्या लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घर भरतं, आणि आपण तेवढ्या घरात वाकळ पांघरून लाउडस्पीकर ऐकायचा? आजाराने पुष्कळ नेलं आहे, हे त्याला देऊ नको. नवऱ्याला सांग, तयारीने जाऊ.

त्या दिवशी दुपारची झोप लांबव. सकाळपासून पाणी वाढव. दोन स्वेटर, कानटोपी, मोजे घाल. खाली धानाचं तणस टाकून त्यावर वाकळ अंथर, जमिनीचा गारवा वर यायला नको. मंडपाच्या कडेला वारा लागतो, मधे बायकांच्या घोळक्यात बस. थर्मासमध्ये गरम पाणी ने. मधल्या वेळात उठून चार पावलं चाल, एकाच जागी पाय मुडपून बसू नको. नवऱ्याशी आधीच ठरव की तू म्हणशील तेव्हा उठायचं, पहिल्या अंकानंतर म्हटलंस तरी. उरलेलं नाटक काय झालं ते सकाळी जाऊबाई सांगतील. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांचा स्वयंपाक तुझ्याकडे नको, हे मात्र मंडईच्या आधीच बोलून ठेव.