हँड पॅलेट ट्रक, चेन पुली ब्लॉक, जॅक आणि ट्रॉली: ८४२५ की ८४२७?

तुमचा सप्लायरही पूर्ण बरोबर नाही आणि सीएचए, म्हणजे तुमचं कस्टमचं काम बघणारा एजंट, तोसुद्धा नाही. चिनी सप्लायरने इन्व्हॉइसवर चारही ओळींना ८४२५ हा वर्गीकरणाचा कोड ठोकलाय, सीएचए म्हणतो सगळं ८४२७ मध्ये टाकू, आणि तुम्ही विचारताय कोणाचं ऐकू. माल चार प्रकारचा आहे आणि तो तीन हेडिंगमध्ये (कोडचे पहिले चार अंक) विभागला जातो.

आधी सप्लायरचा कोड बाजूला ठेवा. एचएस म्हणजे मालाच्या वर्गीकरणाची जागतिक पद्धत. तिच्या कोडचे पहिले सहा अंक जगभर सारखे असतात, पुढचे दोन आपल्या टॅरिफचे. पण ते सहा अंकही तो त्याच्या सोयीने टाकतो. सेल्फ असेसमेंटमध्ये (ड्युटी आयातदाराने स्वतःच ठरवून भरायची) बिल ऑफ एंट्रीवर, म्हणजे कस्टमला द्यायच्या आयातीच्या कागदावर, जे लिहिलं जातं त्याची जबाबदारी आयातदाराची. ‘सप्लायरने दिलं होतं’ या उत्तराला कस्टममध्ये कोणी विचारत नाही.

आता माल. चेन पुली ब्लॉक हाताने साखळी ओढून चालवायचा आहे, म्हणून ८४२५ १९. त्यालाच इलेक्ट्रिक मोटर असती तर ८४२५ ११. बॉटल जॅक हायड्रॉलिक आहे, तो ८४२५ ४२. (गाडीच्या डिकीतला स्क्रूवाला जॅक असता तर ८४२५ ४९.) इथपर्यंत सप्लायर बरोबर.

घोळ होतो तो पॅलेट ट्रकचा. त्यात हायड्रॉलिक पंप असतो, हँडल मारलं की माल उचलला जातो, म्हणून लोक त्याला जॅक समजतात. पण जॅक उचलतो आणि तिथेच थांबतो. पॅलेट ट्रक माल जमिनीपासून चार बोटं उचलतो तोच मुळी ढकलत न्यायला. ८४२७ हे हेडिंग फोर्कलिफ्ट आणि ‘उचलण्याची किंवा हाताळणीची सोय असलेल्या इतर वर्क्स ट्रक’चं आहे, हाताने ढकलायचा असल्याने सबहेडिंग ८४२७ ९०. युरोपीय संघाने २००५ साली चिनी हँड पॅलेट ट्रकवर अँटी डंपिंग ड्युटी लावली, म्हणजे फार स्वस्तात येणाऱ्या मालावरची जादा ड्युटी, तीही ८४२७ ९० खालीच. आणि हो, उद्या सेमी इलेक्ट्रिक स्टॅकर मागवलात, ज्यात उचलायला बॅटरी आणि ढकलायला माणूस, तर तोही ८४२७ ९० मध्येच राहतो. ८४२७ १० साठी ट्रक स्वतः मोटरवर चालायला हवा.

उलट गॅरेजमधल्या ट्रॉली जॅकला चाकं असतात म्हणून तो ८४२७ होत नाही. ती चाकं गाडीखाली सरकवण्यापुरती असतात.

प्लॅटफॉर्म ट्रॉलीत उचलण्याची काहीच सोय नाही. फळी, चार चाकं, एक दांडा. ती हातगाडीच्या कुळातली: ८७१६ ८०. चॅप्टरच (पहिले दोन अंक) बदलला. ‘सगळं ८४२७’ इथे चुकतं.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, मार खाऊन शिकलोय. फेसलेस असेसमेंट (ऑफिसरने समोर न येता ऑनलाइन कागद तपासणं) यायच्या आधीची गोष्ट. इन्व्हॉइसवर ‘हायड्रॉलिक हँड जॅक’ लिहिलेलं होतं, मी कॅटलॉग न बघता ८४२५ ४२ टाकलं. सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर यार्डात, तपासणीला पेटी उघडली तर पिवळे पॅलेट ट्रक, हँडलं वेगळी काढून फोर्कला प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधलेली. कस्टमच्या साहेबांनी एक हँडल बसवायला लावलं, चार वेळा पंप मारला, ट्रक दोन पावलं ओढला आणि माझ्याकडे बघितलं. बोलले काहीच नाहीत. कस्टम कायद्याच्या कलम १४९ खाली दुरुस्ती, नवा पेपर, मधल्या दिवसांचं कंटेनर डिटेन्शन (कंटेनर अडकून राहिल्याचं भाडं). ड्युटीत एक रुपयाचा फरक नव्हता! पार्टीने, म्हणजे आमच्या आयातदार ग्राहकाने, डिटेन्शनचे पैसे मात्र आमच्या बिलातून कापले.

हँडल वेगळं पॅक केलं म्हणून ते ‘पार्ट’ होत नाही, हेही तेव्हाच कळलं. एचएसच्या वर्गीकरणाच्या नियम २(अ) प्रमाणे सुटा करून आणलेला पूर्ण माल हा पूर्ण मालच. नुसते सुटे फोर्क किंवा हँडल स्पेअर म्हणून आणलेत तर ८४३१ २०. मात्र पुली ब्लॉकची लोखंडी साखळी मीटरवर आणली तर ती ८४३१ मध्ये जात नाही. साखळी ‘सर्वसाधारण वापराचा भाग’ धरली जाते, ७३१५ बघा.

पैशाचं म्हणाल तर उदाहरणासाठी बेसिक ड्युटी ७.५ टक्के आणि आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) १८ टक्के धरा. १०० रुपयांच्या मालावर ७.५० बेसिक, त्यावर १० टक्के समाज कल्याण अधिभार म्हणजे ०.७५, आणि १०८.२५ वर आयजीएसटी १९.४९. एकूण २७.७४. यातला आयजीएसटी तुम्हाला क्रेडिटमध्ये परत मिळतो, खरा खर्च ८.२५ चा. तेवढ्यासाठी कोडशी खेळण्यात अर्थ नाही. चुकीचं वर्गीकरण नंतर सापडलं तर कलम २८ खाली दोन वर्षांपर्यंत मागची वसुली निघते, आणि लपवाछपवी ठरली तर पाच. प्रत्यक्ष दर फाइल करायच्या दिवशीचे बघा, बजेटला ते हलतात.

नेहमी हाच माल आणणार असाल आणि सीएचएशी एकमत होत नसेल तर मुंबईत बॅलार्ड इस्टेटच्या न्यू कस्टम हाउसमध्ये अॅडव्हान्स रूलिंगचं, म्हणजे माल आणण्याआधीच वर्गीकरणाचा निर्णय देणारं, प्राधिकरण आहे. अर्ज केल्यावर कायद्याने तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. या एका कंटेनरसाठी एवढं करू नका.

या खेपेला एवढंच करा: सप्लायरकडून चारही वस्तूंच्या ओळींना आपापला कोड घालून नवा इन्व्हॉइस घ्या, ‘जॅक’ हा शब्द फक्त बॉटल जॅकसमोर राहू द्या, आणि पॅलेट ट्रकचं कॅटलॉगचं पान बिल ऑफ एंट्रीसोबत अपलोड करायला सांगा. फेसलेसमध्ये असेसिंग ऑफिसर दुसऱ्याच शहरात बसलेला असतो, त्याच्यासमोर हँडल मारून दाखवायची सोय नाही.