भूकंप आधी सांगता येत नाही, मग मुलगी करणार काय?

प्रश्न : मुलगी लातूरला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय भौतिकशास्त्र. उपग्रहांच्या माहितीवरून भूकंपाचं काम करायचं म्हणते. भूकंपाचं भाकीत तर होत नाही, मग नोकरी कसली? त्यापेक्षा आपत्ती व्यवस्थापनाचा डिप्लोमा बरा का? – एक पालक

उत्तर : भाकीत होत नाही, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण हादऱ्यानंतरचे पहिले तास वाया जाऊ नयेत, यासाठी माणसं लागतात. किल्लारीच्या १९९३ च्या पहाटेबद्दल लातूरकरांना मी वेगळं काय सांगणार?

६ फेब्रुवारी २०२३ ला तुर्कस्तानात ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. केंद्र कुठे, खोली किती, हे भूकंपमापकांनी काही मिनिटांत सांगितलं. जमीन कुठे फाटली आणि किती सरकली, ते मात्र उपग्रहांवरच्या रडारनं आधी व नंतर टिपलेल्या प्रतिमा ताडून आणि जीपीएस केंद्रांच्या नोंदींवरून उलगडलं. कोसळलेल्या इमारती उपग्रहांच्या बारीक छायाचित्रांत दिसल्या. यातलं एकही साधन एकट्यानं पुरत नाही. भूकंपमापक लगेच बोलतो, पण बसवलेल्या जागेपुरतंच. रडारला रात्र आणि ढग आड येत नाहीत, पण उपग्रह त्या जागेवर येईपर्यंत थांबावं लागतं. २०२५ च्या जुलैत सोडलेला ‘निसार’ हा नासा-इस्रोचा रडार उपग्रह १२ दिवसांनी त्याच कक्षेतून पुन्हा येतो. या सगळ्याचा मेळ घालून ‘आधी या गावांकडे जा’ असा नकाशा बचाव पथकाच्या हाती द्यायचा, हे तुमच्या मुलीचं काम असेल. मला ते फार मोलाचं वाटतं.

म्हणून डिप्लोमा आत्ता नको, नंतर हवा तर करता येईल. आधी गणित, तरंग, पायथन ही संगणकीय भाषा आणि जीआयएस (संगणकावर नकाशे व ठिकाणांची माहिती हाताळणं) पक्कं होऊ द्या. युरोपच्या सेंटिनेल-१ उपग्रहांचा रडार डेटा फुकट मिळतो, सराव आजच सुरू करता येईल. पुढे आयआयटी मुंबईत उपयोजित भूभौतिकीची (भौतिकशास्त्रानं पृथ्वीचा अभ्यास) एमएस्सी आहे, किंवा डेहराडूनला इस्रोच्या आयआयआरएस या संस्थेत सुदूर संवेदन, म्हणजे उपग्रहांवरून दुरून माहिती घेण्याचं शास्त्र.

राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र, हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था (एनजीआरआय), कोयनेच्या भूकंपांच्या अभ्यासासाठी खोल विंधनविवर खणणारी कराडची प्रयोगशाळा या तिच्या जागा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात यूपीएससीच्या भूवैज्ञानिक परीक्षेतून जाता येतं. पदं थोडी आहेत, जाहिराती उशिरा येतात, याची तयारी ठेवा. मात्र हीच भूभौतिकी तेल आणि खनिज शोधणाऱ्या कंपन्यांनाही लागते.

आयआयटीच्या एमएस्सीसाठी ‘जॅम’ ही प्रवेश परीक्षा असते. तिचे अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात निघतात, शेवटच्या वर्षात असतानाही भरता येतात. माहितीपत्रकातली पात्रता दोघांनी एकत्र बसून वाचा.