सिंगापुरात पहिल्यांदा स्केचिंगला जाताय?

पहिल्याच दिवशी मरीना बेच्या उंच इमारतींच्या मागे लागू नका. चायनाटाउनमधली जुनी दुकानघरं, म्हणजे खाली दुकान आणि वर घर असलेल्या इमारती, रेखाटायला घ्या. त्यांच्यापुढचा छपराखालचा पदपथ, 'फाइव्ह-फूट वे', ऊन आणि पाऊस दोन्ही अडवतो. खांबालगत बसा, वाट मोकळी ठेवा.

दुकानघर अरुंद आणि खोल असतं. नवशिक्यांच्या चित्रात ते हमखास रुंद होतं, कारण सुरुवात खिडक्यांपासून होते. आधी डोळ्यांच्या पातळीची आडवी रेघ मारा. मग हात ताठ करून पेन्सिलीने रुंदी मोजा, उंची तिच्या किती पट आहे ते पाहा आणि दोन्ही कडांच्या उभ्या रेघा टाका. खिडक्या सगळ्यात शेवटी.

इथल्या दमट हवेत जलरंग वाळता वाळत नाही. अर्धवट ओल्यावर दुसरा थर दिला की रंग फुटतो. ए५ वही, ३०० जीएसएमचा (म्हणजे जाड) कागद, जलरोधक शाईचं पेन आणि एका चित्रात फार तर दोन थर. पहिला वाळेपर्यंत दुसऱ्या वहीत माणसं रेखाटा. मनगटाखाली रुमाल हवाच. घाम लागलेल्या जागी रंग नीट बसत नाही.

विषुववृत्त जवळ असल्याने भर दुपारी सावल्या पायाशी गोळा होतात आणि दर्शनी भिंती सपाट दिसतात. सूर्य सातच्या सुमारास उगवतो, त्यामुळे साडेआठ ते साडेदहा ही वेळ उत्तम. दुपारी 'लाउ पा सात' हा ओतीव लोखंडाचा अष्टकोनी खाद्यबाजार काढा, पण अडीचनंतर, जेवणाची गर्दी ओसरल्यावर. टेबलावर टिश्यूचं पाकीट दिसलं तर ती जागा कुणीतरी धरलेली आहे.