पुण्यात जुनं १२ इंची रंधा मशीन ४५ हजारांना मिळतंय. घ्यावं का, आणि किंमत बरोबर आहे हे कसं ओळखायचं?

तुम्ही प्रश्नात लिहिलंय की विकणारा म्हणतो, "चारशे किलोचं बीड (ओतीव लोखंड) आहे, उद्या भंगारात घातलंत तरी पैसे निघतील." या एका वाक्यामुळे मी उत्तर लिहायला बसले. रंधा मशीनची किंमत किलोवर सांगणारा माणूस भेटला की मला २०१४ चा पावसाळा आठवतो.

माझ्या वडिलांचं, अण्णांचं, भवानी पेठेत टिंबर मार्केटच्या मागच्या गल्लीत सुतारकामाचं वर्कशॉप होतं. तिथे १२ इंची रंधा मशीन होतं, म्हणजे एका रेषेत दोन लोखंडी टेबलं आणि त्यांच्या मध्ये पाती बसवलेला फिरणारा ब्लॉक; पुढच्या टेबलावरून मागच्या टेबलाकडे फळी ढकलली की ती सपाट तासली जाते. अण्णांनी त्याच्या टेबलावर कधी कुणाला चहाचा ग्लास ठेवू दिला नाही. दर शनिवारी काम संपलं की टेबलावर मेणबत्ती घासून फडक्याने पुसायचे. तेल लावायचे नाहीत, कारण तेल फळीला लागतं आणि मग पॉलिश धरत नाही. त्या मशीनवर कड मारलेल्या दोन फळ्या एकावर एक उभ्या धरल्या तर मधून उजेड दिसत नसे. हातरंधा न लावता थेट सरस लावून जोडायचे.

अण्णा गेल्यावर तिसऱ्या महिन्यात गाळा रिकामा करून द्यायचा होता. मी तेव्हा नोकरीत होते. संध्याकाळी पोचले तेव्हा फरशीवर चार बोल्टची भोकं आणि मशीनच्या आकाराचा काळा डाग एवढंच उरलं होतं. काकांनी सकाळीच भंगारवाला बोलावला होता. ३५० किलो भरलं, २२ रुपयांनी गेलं, ७,७०० रुपये. काकांनी पैसे पाकिटात घालून माझ्या हातात दिले. त्यांनी एक रुपयाही ठेवून घेतला नाही, हे मी मुद्दाम सांगते. हेतू वाईट नव्हता. पण त्यांना खरंच वाटत होतं की ते ३५० किलो लोखंड आहे.

२०१६ मध्ये मी नोकरी सोडली आणि धायरीत गाळा घेतला. टेबलं, पलंग, कपाटं, सगळं सागवानात. पहिली गरज रंधा मशीनची.

पहिलं मशीन नऱ्ह्याला पाहिलं. ३० हजार सांगितले होते. हिरवा रंग इतका ताजा की वास येत होता, बोल्टच्या डोक्यांवरसुद्धा रंग. विकणाऱ्याने लगेच बटण दाबलं, "बघा, आवाज आहे का काही?" आवाज खरंच नव्हता. मी म्हटलं, बंद करा. ब्लॉक हाताने फिरवून पाती टेबलाच्या खाली घेतली, पुढचं टेबल मागच्या टेबलाच्या पातळीला उचललं आणि अण्णांची चार फुटी लोखंडी पट्टी दोन्ही टेबलांवर मिळून आडवी ठेवली. आधी दोन्ही कडांना, मग मध्ये, मग कर्णात. कडांना ठीक होती. एका कर्णात ठेवली तर टोकाला फिलर गेजची (फट मोजायच्या पातळ पात्यांच्या जुडग्यातली) ०.४ मिलिमीटरची पाती आरामात आत गेली. दुसऱ्या कर्णात पट्टी बसली. म्हणजे टेबलाला पीळ होता. विकणारा म्हणाला, "मॅडम, लाकूड आहे, लोखंड नाही. एवढं चालतं."

नाही चालत. पीळ असलेल्या टेबलावरून गेलेल्या फळीला तोच पीळ येतो, कितीही वेळा घाला. पाच फळ्यांचा जेवणाच्या टेबलाचा टॉप जोडताना प्रत्येक सांध्यात थोडी थोडी फट येते. शिकंजा आवळून ती बंद करता येते, त्या दिवशी फोटोही छान येतो. एप्रिल-मे मध्ये लाकूड वाळलं की टोकाकडून सांधा उघडतो आणि गिऱ्हाईक फोन करतं. मी भोसरीत ग्राइंडिंगवाल्याला विचारलं, दोन्ही टेबलं काढून सरफेस ग्राइंडिंगला, म्हणजे मशीनवर घासून सपाट करायला, किती. त्याने ११ हजार सांगितले. उतरवणं, नेणं-आणणं आणि परत जुळवणं वेगळं. ते मशीन मी सोडलं.

दुसरं भोसरीतच मिळालं, एका बंद होणाऱ्या पॅटर्न शॉपमध्ये. फाउंड्रीसाठी, म्हणजे धातू ओतणाऱ्या कारखान्यासाठी, साच्याचे लाकडी नमुने (पॅटर्न) बनवतात ती जागा. हे लक्षात ठेवा, कारण मशीन कुठे राबलंय यावर अर्धी गोष्ट ठरते. चौकटी आणि दरवाजे करणाऱ्या कारखान्यात दिवसभर जड, लांब, ओली लाकडं एकाच जागेवरून घासत जातात. पॅटर्नवाल्याला अर्धा मिलिमीटर चुकला तर कास्टिंग वाया जातं, म्हणून तो मशीन जपतो.

काका सोबत होते, टेंपो त्यांच्या ओळखीचा होता. मशीनला रंग उरला नव्हता, टेबलावर तांबूस गंज. काकांनी खिशातून किल्ली काढून गंज खरवडला, खाली वाकून पाय पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला, "वजन किती भरेल?" तिथले म्हातारे पॅटर्नमेकर काही बोलले नाहीत. मी पट्टी ठेवली. कडांना बसली, मध्ये बसली, दोन्ही कर्णांत बसली. एका कोपऱ्यात ०.०५ ची पाती जेमतेम शिरली आणि अडकली. झेरॉक्सचा साधा कागद साधारण ०.१ असतो, म्हणजे ही फट त्याच्या निम्म्याने. मग टेबलाचं बाहेरचं टोक दोन्ही हातांनी वर उचलून पाहिलं. खालच्या सरकपट्ट्या झिजल्या असतील तर टोक हलतं आणि 'टक्' असा आवाज येतो. हललं नाही. त्या म्हाताऱ्या पॅटर्नमेकरांनी तेव्हा कपाटातून त्यांची स्वतःची पट्टी काढून माझ्या हातात दिली, "हिने पण बघा." दोन्ही पट्ट्यांचं उत्तर एकच आलं.

३८ हजार सांगितले. मी घासाघीस केली नाही. टेंपोत बसल्यावर काका म्हणाले, "कागदाएवढ्या फटीसाठी भंगाराच्या भावापेक्षा तीस हजार जास्त दिलेस." तो वाद अजून चालू आहे. दर दिवाळीला ते म्हणतात, अण्णांच्या आठवणीपोटी पैसे घातलेस. मग मी नऱ्ह्याचं मशीन सोडलं ते कशापोटी? दोन्हीकडे एकच पट्टी आणि एकच गेज होतं. गंज रॉकेल आणि बारीक पॉलिश पेपरने एका रविवारी गेला. तेव्हापासून ते मशीन रोज चालतंय.

आता तुमच्या मशीनबद्दल. ४५ हजार योग्य की नाही हे तुमचं टेबल पाहिल्याशिवाय कुणीच सांगू शकणार नाही. त्या मापाच्या नव्या मशीनचा भाव दोन दुकानांत विचारा. टेबलं नीट असतील तर नव्याच्या निम्म्यापर्यंत मी जाईन, टेबलं बिघडलेली असतील तर भंगाराच्या भावाच्या वर एक रुपया देणार नाही. मधली कुठलीही किंमत म्हणजे दुरुस्तीचा खर्च वजा करणं. पट्टी नसेल तर टाइलवाल्याच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर तपासल्याशिवाय भरवसा ठेवू नका. प्लायवर तिच्या कडेने रेघ मारा, पट्टी उलटी करून त्याच रेघेवर परत मारा. दोन रेघा वेगळ्या दिसल्या तर पट्टीच वाकडी आहे.

विकणारा लाकूड चालवून दाखवेल. दोन फळ्यांच्या कडा मारायला सांगा, त्या कडा एकमेकींवर ठेवून उजेडाकडे धरा. मध्ये उजेड दिसला तर टेबलांची बाहेरची टोकं खाली झुकलीयत. मध्ये टेकून टोकांना उजेड दिसला तर टोकं वर उचललीयत. फळीच्या शेवटच्या दोन इंचांत खड्डा पडत असेल तर घाबरू नका, मागचं टेबल पात्यांपेक्षा किंचित खाली आहे, ते सेटिंग आहे. लाकडावर एक उभी बारीक रेघ उमटत असेल तर पात्याला खोच पडलीय. जुन्या वाड्यांचं सागवान ज्यांच्याकडे येतं त्यांच्याकडे हे हमखास, आत मोडलेला खिळा सापडतोच. एक पातं किंचित बाजूला सरकवलं तरी रेघ जाते. त्यावर हजार-दोन हजार कमी करून घ्या, पण त्यासाठी मशीन सोडू नका.

बेअरिंगसाठी बेल्ट काढून ब्लॉक हाताने फिरवा. खरखर असेल तर बेअरिंग बदलता येतं, नंबर त्यावरच असतो. ब्लॉक वर-खाली हलत असेल आणि बेअरिंगची बसण्याची जागाच ढिली झाली असेल तर ते मोठं काम आहे. मोटरकडे फार बघू नका, मोटर बदलता येते. मात्र ती थ्री फेज असेल आणि तुमच्या घरी सिंगल फेज असेल तर तो खर्च आधीच किमतीतून काढा. टेबलाच्या ब्लॉकजवळच्या ओठाला टवका उडालाय का, आणि बिडाला कुठे वेल्डिंग केलंय का, हे बॅटरी लावून बघा. ताजा रंग असेल तिथे जास्त बघा.

एक गोष्ट मी आधीच लिहायला हवी होती. कटर ब्लॉक गोल पाहिजे. फार जुन्या मशीनवर चौकोनी ब्लॉक असतो, त्याच्या सपाट बाजूंमुळे टेबल आणि ब्लॉकमध्ये मोठी फट राहते आणि बोट गेलं तर खोल जातं. तो फुकट मिळाला तरी नको. वरचं गार्ड बहुतेक ठिकाणी काढून फेकलेलं असतं, ते करून घ्यायचे पैसे धरा. हातमोजे घालून मशीनवर उभं राहू नका, आणि फुटापेक्षा आखूड तुकडा त्यावर घालू नका, तो हातरंध्याने करा.

आणि हे मी माझ्या कामापुरतं सांगतेय. तुम्ही चौकटी किंवा खोकी करणार असाल तर ०.४ ची फटसुद्धा चालेल आणि नऱ्ह्यासारखं मशीन स्वस्तात उचललंत तरी बिघडणार नाही. घरच्या घरी छोटं काम असेल तर १२ इंचाची गरज आहे का, हेही एकदा बघा.

वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी वडिलांचं, आजोबांचं मशीन पडून असेल तर भंगारवाल्याच्या आधी एका सुताराला बोलावून दाखवा. पट्टी ठेवायला दहा मिनिटं लागतात. काकांनी मला सकाळी एक फोन केला असता तर मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून आले असते.

तुम्ही मशीन बघायला जाल तेव्हा फोटो टाका, पण पूर्ण मशीनचा नको. बेल्ट काढून ब्लॉकचा बाजूने एक, आणि पट्टी कर्णात ठेवून टोकाचा एक. त्यावरून मी आकडा सांगेन.